काठीची क्षमा

रायपूरला बदली झाली म्हणजे आपल्या मराठी अधिकाऱ्याला दोन गोष्टी प्रथम ऐकाव्या लागतात. एक, येथील उन्हाळा. आणि दुसरी, हे गाव काही परके नव्हे. दुसरे विधान इतिहासाच्या आधाराने खरे ठरते. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या वतीने भास्करपंत या मुलखात उतरले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांनी कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, आणि तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर व रायपूर एकाच प्रांताच्या छत्राखाली नांदली. २००० सालच्या १ नोव्हेंबरला रायपूर स्वतःच एका राज्याची राजधानी झाले. तेव्हा येथे मराठी माणूस येणे हा नवा प्रसंग नव्हे. नवे आहे ते त्याच्या हातातील साधन. बिंबाजींच्या कारकुनाच्या हाती मोडीचा बोरू होता. आजच्या अधिकाऱ्याच्या हाती, निदान रविवारी सकाळी, गोल्फची काठी दिसू लागली आहे.

शहराच्या जुन्या वस्तीपासून दूर, अटलनगर-नवा रायपूर येथे तळ्याच्या काठी गोल्फचे विस्तीर्ण मैदान झाले आहे, आणि तेथे व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धाही भरतात. गेल्या हिवाळ्यात आम्हा चौघा मराठी मंडळींपैकी एकाने तेथे एक नवा ड्रायव्हर आणला. ड्रायव्हर म्हणजे ज्या सर्वांत लांब काठीने खेळाचा पहिला टोला हाणावयाचा ती काठी. वाचकांपैकी ज्यांचा या खेळाशी संबंध आला नसेल त्यांनी विटीदांडूतील दांडू आठवावा. फरक इतकाच की येथे विटीऐवजी चेंडू असतो आणि वकट-लेंड-मूंड मोजण्याऐवजी चेंडू छिद्रात जाईपर्यंत लागलेले टोले मोजतात. त्या नव्या काठीविषयी विक्रेत्याने दोन वचने दिली होती : चेंडू पूर्वीपेक्षा दूर जाईल, आणि टोला चुकला तरी काठी ती चूक पोटात घालील. या दुसऱ्या गुणाला गोल्फच्या परिभाषेत चक्क ‘क्षमा’ म्हणतात. हा शब्द ऐकून माझे कुतूहल जागे झाले. काठी क्षमा कशी करील? आणि तिने क्षमा केली तर शासन कोणाला होईल? या प्रश्नांचा माग काढता काढता मी या काठीच्या इतिहासात शिरलो. आणि आश्चर्य असे की तो इतिहास मला याच छत्तीसगडच्या रानाशेजारी आणून सोडता झाला.

प्रथम चेंडूची गोष्ट. स्कॉटलंडमध्ये शतकानुशतके चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून चेंडू करीत. तो महाग असे आणि पावसात भिजला की निकामी होई. १८४८ च्या सुमारास मलायातील एका झाडाच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, चेंडू होऊ लागले. आख्यायिका अशी सांगतात की, सेंट अँड्र्यूजच्या पॅटर्सन कुटुंबाकडे पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली. ती फुटू नये म्हणून तिच्याभोवती हा चीक भरलेला होता. घरातील तरुणाने तो तापवून वळला आणि त्याचा चेंडू केला. ही कथा कितपत खरी याविषयी वाद आहे; पण पुढे समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांनाही ज्याचे वेष्टण लाभले तो हाच चीक, हे निःसंशय. हे गटापर्चाचे झाड ज्या कुळातले, त्याच कुळात आपला चिकू येतो, आणि छत्तीसगडच्या आदिवासी जीवनाचा आधार असलेला मोहही येतो.

आता काठीची गोष्ट. गटापर्चाचा चेंडू पिसांच्या चेंडूपेक्षा कठीण. सफरचंद, नासपती, बीच अशा झाडांच्या लाकडाची जुनी डोकी त्याच्या आघाताने फुटू लागली. तेव्हा अधिक घट्ट लाकडाचा शोध सुरू झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील पर्सिमन वृक्षाचे लाकूड पसंत पडले. पुढे सुमारे शंभर वर्षे उत्तम ड्रायव्हर म्हणजे पर्सिमनचा, असे समीकरण राहिले. हा पर्सिमन आबनुसाच्या कुळातला; आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो आपल्या टेंभुर्णीचा सख्खा भाऊबंद, कारण दोघांचा वंश एकच. टेंभुर्णी म्हणजेच येथला तेंदू. ज्याच्या पानांत विडी वळली जाते आणि ज्याच्या तोडणीसाठी दर उन्हाळ्यात येथील गावेच्या गावे पहाटे रानात जातात, तो हा वृक्ष. एवंच, साहेबांच्या मैदानावर वर्षानुवर्षे जो खेळ चालला त्याचा चेंडू मोहाच्या गणगोतातला आणि काठी तेंदूच्या गणगोतातली होती. या रानातून प्रत्यक्ष लाकूड गेले असे मी म्हणत नाही. पण नाते लक्षात आले म्हणजे परके वाटणारे खेळही थोडे ओळखीचे होतात.

लाकडी ड्रायव्हर मात्र क्षमाशील नव्हता. त्याचे डोके मुठीएवढे आणि भरीव. बरोबर मध्यावर चेंडू लागला तर हाताला काही जाणवतही नसे. अर्धा इंच इकडेतिकडे झाले की मनगटापर्यंत झिणझिण्या येत आणि चेंडू झुडपात जाई. काठीचा दांडा प्रथम हिकरी लाकडाचा असे. सेंट अँड्र्यूजच्या नियामकांनी १९२९ साली पोलादी दांड्याला मान्यता दिली. ज्या पोलादासाठी आपल्या शेजारच्या भिलाईतील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, त्या धातूने अशा रीतीने तीस वर्षे आधीच गोल्फच्या दांड्यात प्रवेश केला होता. डोक्यात शिरण्यास मात्र त्याला आणखी पन्नास वर्षे लागली. १९७९ साली गॅरी अ‍ॅडम्स या अमेरिकन विक्रेत्याने पोकळ पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला आणि त्याला थट्टेने ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ हे नाव पडले. कारण पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर.

येथे थोडे यंत्रशास्त्र सांगणे प्राप्त आहे. कुंभाराच्या चाकाचा काठ जड असतो, म्हणून त्याला सहजासहजी कोणी वळवू शकत नाही. तेच वजन मध्याशी गोळा केले तर चाक बोटाच्या स्पर्शाने गरकन फिरेल. भरीव लाकडी डोक्याची गत या दुसऱ्या चाकासारखी होती. डोके पोकळ केले की तेच सुमारे दोनशे ग्रॅम वजन कडेला आणि मागे नेता येते. मग चेंडू टोकाशी लागला तरी डोके फारसे पिळत नाही, आणि चेंडू जवळजवळ नेमल्या दिशेने जातो. काठीची क्षमा म्हणतात ती एवढीच. अंतर वाढण्याचे कारण निराळे. टोल्याचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन-हजाराव्या भागापुरता टिकतो. तेवढ्यात चेंडू चेपतो, आणि त्या चेपण्यात बरीच शक्ती वाया जाते. काठीचे तोंड पातळ धातूचे असले तर तेही किंचित आत दबून परत उसळते. चेंडू कमी चेपतो आणि अधिक वेगाने निघतो.

१९९१ साली कॅलवे कंपनीने ‘बिग बर्था’ हा मोठ्या पोलादी डोक्याचा ड्रायव्हर काढला. नाव पहिल्या महायुद्धातील जर्मन तोफेचे, आणि आकारमान १९० घनसेंटिमीटर. १९९५ साली टायटॅनियमच्या हलकेपणामुळे तेच डोके २५० पर्यंत फुगले. मधल्या काळात, १९९३ मध्ये, जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरने लाकडी ड्रायव्हरनेच मास्टर्स स्पर्धा जिंकली. तो लाकडाचा जणू शेवटचा मानाचा मुजरा ठरला. पुढे शासनालाच हस्तक्षेप करावा लागला. १९९८ पासून डोक्याच्या उसळीची मोजणी सुरू झाली. २००४ साली डोक्याचे आकारमान ४६० घनसेंटिमीटरवर आणि काठीची लांबी ४८ इंचांवर रोखली. २००६ पासून पिळाला होणाऱ्या विरोधालाही मर्यादा घातली. म्हणजे क्षमा किती करावी याचाही कायदा झाला! तरी अंतर वाढतच राहिले. अमेरिकन व्यावसायिकांचा सरासरी लांब टोला १९८० साली सुमारे २५७ यार्ड होता. २०२३ साली तो तीनशेच्या उंबरठ्यावर आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नियामकांनी चेंडूचीच परीक्षा कडक करण्याचे जाहीर केले.

आता आमच्या चौघांचा अनुभव. ज्यांनी काठी आणली ते निवृत्तीच्या जवळ आलेले गृहस्थ. त्यांचा चेंडू खरोखरच दूर जाऊ लागला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बढतीच्या हुकुमासारखे तेज चढले. दुसरे गृहस्थ तरुण व जोरकस. त्यांना अंतर फारसे वाढलेले दिसले नाही, मात्र तळ्यात जाणारे चेंडू कमी झाले. तिसऱ्यांना आवाज आवडला नाही. त्यांच्या मते लाकूड बोलते आणि धातू ओरडतो. राहिलो मी. माझे टोले वाकडे लागत असूनही सरळ जाऊ लागले, आणि चार आठवड्यांत एक विचित्र गोष्ट घडली. टोला कोठे चुकला हे मला कळेनासे झाले. जुन्या काठीने माझ्या मनगटाला जी बातमी दिली असती ती नव्या काठीने मध्येच अडवून ठेवली. अंतर वाढले, समाधान वाढले. पण अठरा छिद्रांच्या शेवटी टोल्यांची बेरीज होती तेवढीच राहिली. एकदा हिरवळीवर दोन हातांवरून माझा चेंडू छिद्राला वळसा घालून गेला, तेव्हा काठ्यांची पिशवी वाहणारा मुलगा हसून म्हणाला, “डंडा ह माफी दे दिस साहेब, फेर गड्ढा ह नइ देवय.” काठीने माफी दिली, पण खड्डा काही देत नाही!

त्या मुलाच्या शब्दांत हिंदुस्थानच्या गोल्फचा अर्धा इतिहास आहे. १८२९ साली कलकत्त्यास आणि १८४२ साली मुंबईस साहेबांनी गोल्फचे क्लब काढले, तेव्हापासून पिशवी वाहणारा हा खेळाचा मूक साक्षीदार राहिला. पण १९९१ साली, म्हणजे ज्या वर्षी ‘बिग बर्था’ निघाली त्याच वर्षी, इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला तो अली शेर. त्याचा गोल्फशी पहिला परिचय दिल्लीच्या मैदानावर पिशव्या वाहताना झाला. एस. एस. पी. चौरसियांचे वडील कलकत्त्याच्या मैदानावर हिरवळीची निगा राखीत. मुलाने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकली, आणि तीही लांब टोल्याच्या नव्हे तर हिरवळीजवळच्या कौशल्याच्या बळावर. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक अवघ्या एका टोल्याने पदकास मुकून चौथी आली. टोल्याच्या लांबीत ती सर्वांत मागे राहणाऱ्यांपैकी होती. ज्यांना साधनाची क्षमा लाभली नाही, त्यांनी जेथे क्षमा नसतेच अशा छिद्राशी मैत्री केली.

हे सारे मनात घोळत असता मला आपल्या नोकरीची आठवण झाली. अधिकाराची खुर्ची ही देखील मोठ्या डोक्याची काठीच नव्हे काय? आपला निर्णय मध्यावर न लागता टोकाशी लागला, तरी कागद बहुधा नेमल्या दिशेनेच जातो. कारण वजन कडेला ठेवलेले असते. कडेला म्हणजे पटवारी, कोतवाल, कारकून, शिपाई. पीळ ते सोसतात, आणि आपल्या मनगटापर्यंत झिणझिणी पोहोचत नाही. त्यातून आपण चुकलोच नाही असा समज होतो, आणि वर्षे लोटली की तो समज स्वभावात मुरतो. बिंबाजींच्या कारकुनापासून आजवर या मुलखात आपल्यापैकी अनेक आले. त्यांतले लोकांच्या आठवणीत राहिले ते बहुधा आपली झिणझिणी आपणच सोसणारे असावेत.

नवी काठी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. वय झालेल्या माणसाला तिने सकाळचा आनंद दिला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तथापि आता महिन्यातून एक रविवार मी जुन्या बाजारात मिळालेली पर्सिमनची काठी घेऊन जातो. चेंडू कमी जातो, कधी तळ्यातही जातो. पण मी कोठे चुकलो ते त्याच क्षणी कळते. आणि पिशवी वाहणारा तो मुलगाही, मी विचारले तर, न भिता सांगतो.