यंत्रकासवांची शाळा

यंत्रास बुद्धि कशी येते, हें केवळ ग्रंथांवरून उमगत नाहीं. यंत्र डोळ्यांपुढें चालूं लागलें म्हणजे उमगूं लागतें. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें मेंदूचे अभ्यासक विल्यम ग्रे वॉल्टर यांनीं १९४८-४९ च्या सुमारास एल्मर व एल्सी हीं दोन यंत्रकासवें तयार केलीं. प्रत्येकाच्या पोटांत अवघे २ व्हॉल्व्ह, २ मोटारी, प्रकाश ओळखणारा एक डोळा आणि धक्का जाणणारें कवच. एवढ्याशा सामग्रीवर तीं मंद दिव्याकडे जात, प्रखर दिव्यास टाळीत, अडथळ्यास वळसा घालीत. पाहणारांस तीं सजीव भासत. वागणें गुंतागुंतीचें दिसलें, तरी त्याचें मूळ साधें असूं शकतें, हा पहिला धडा.

दुसरा धडा अमेरिकेंत मिळाला. सिमोर पेपर्ट व त्यांचे सहकारी यांनीं १९६७ सालीं मुलांसाठीं ‘लोगो’ ही संगणकभाषा रचली. पुढें तिच्या आज्ञेनें जमिनीवर चालणारें, लेखणी धरलेलें कासव आलें. १०० पावलें पुढें, ९० अंश उजवीकडे, असें चारदां सांगितलें कीं चौकोन उमटे. वर्तुळ हवें तर मुलानें आधीं स्वतः चालून पाहावें: थोडें पुढें, थोडें वळणें. रेघ चुकली तर शिक्षा नाहीं. आज्ञेंतील चूक शोधावयाची आणि कासव पुन्हां सोडावयाचें.

आज महाविद्यालयांतून कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवितांना चाकांचीं लहान यंत्रें हातीं देतात, तीं याच कुळांतलीं. मोठीं यंत्रें उत्तर देतात, परंतु तें कोठून आलें हें दिसत नाहीं. कासवाची चूक मात्र जमिनीवर स्वच्छ दिसते. आणि दिसलेली चूकच माणसास शिकविते.