एड्सॅकचें फितींचें कपाट

केंब्रिज विद्यापीठाच्या एड्सॅक या गणकयंत्रास गुणाकार येई, भागाकार येत नसे. ६ मे १९४९ रोजीं तें प्रथम चाललें, तेव्हां त्याचे कर्ते स्वतःच आज्ञावली लिहावयास शिकत होते. प्रमुख मॉरिस विल्क्स यांच्या १२६ ओळींच्या एका आज्ञावलींत सुमारे वीस चुका निघाल्या. उरलेलें बरेंचसें आयुष्य आपल्याच चुका शोधण्यांत जाणार, हें त्यांस प्रयोगशाळेच्या जिन्यावर उमगलें!

उपाय अगदीं घरगुती होता. भागाकार, वर्गमूळ, उत्तर छापणें, असें जें वारंवार लागतें तें एकदांच लिहावें, पारखावें आणि छिद्रें पाडलेल्या कागदी फितीच्या रूपानें कपाटांत ठेवावें. लागेल तेव्हां तिची नक्कल नव्या फितींत उतरवावी. या संग्रहास त्यांनीं लायब्ररी म्हटलें.

अडचण परतीची होती. एकच तुकडा दहा ठिकाणांहून बोलावला, तर काम संपल्यावर यंत्रानें जावें कोठें? डेव्हिड व्हीलर या तरुण विद्यार्थ्यानें युक्ति काढली: यंत्रानें निघतांना आपल्या जागेचा आंकडा बरोबर न्यावा, आणि तुकड्यानें त्यावरून परतीची आज्ञा स्वतःच्याच शेवटीं लिहून घ्यावी. विल्क्स, व्हीलर व स्टॅन्ली गिल यांचा ग्रंथ १९५१ सालीं निघाला, तोंवर कपाटांत असे ८७ तुकडे जमले होते. भागाकार त्यांतच होता.