‘ईडिपस राजा’तील उपरोध : एकवचन आणि अनेकवचन

सोफोक्लीजच्या ‘ईडिपस राजा’चा उल्लेख झाला की नाट्यगत उपरोधाचा उल्लेख ओघानेच येतो. परंतु ही संज्ञा नाटकाइतकी प्राचीन नाही. ‘आयरनी’ या शब्दाचे मूळ जे ग्रीक ‘एइरोनेइआ’, त्याचा अर्थ जाणूनबुजून अज्ञान किंवा लघुत्व पांघरणे असा होता. ॲरिस्टॉटलने तो नीतिशास्त्राच्या विवेचनात वापरला; ‘काव्यशास्त्रा’त मात्र याच नाटकाची चर्चा त्याने स्थितिविपर्यास आणि अभिज्ञान या संज्ञांच्या आधारे केली. सोफोक्लीजच्या संदर्भात ‘आयरनी’चे विवेचन रूढ झाले ते प्रामुख्याने कॉनप थर्लवॉल याच्या निबंधामुळे. तो केंब्रिजच्या ‘फिलॉलॉजिकल म्युझियम’मध्ये १८३३ साली प्रसिद्ध झाला. त्यातही थर्लवॉलचा भर उभय पक्षांची बाजू शांतपणे ऐकणाऱ्या न्यायाधीशासारख्या कविदृष्टीवर होता. प्रेक्षकास ज्ञात व पात्रास अज्ञात, हा आटोपशीर अर्थ नंतर रूढ झाला.

या आटोपशीर अर्थाने अध्यापनाची सोय झाली खरी. पण उपरोध जणू प्रेक्षकाच्या मनातच घडतो, अशी समजूतही बळावली. वस्तुतः या नाटकात तो कित्येकदा व्याकरणात घडतो.

लेयस राजाच्या हत्येतून एकच सेवक जिवंत परतला होता. त्याची साक्ष क्रेऑन सांगतो : मारणारा एक नव्हे, लुटारू अनेक होते. लागलीच उत्तर देताना ईडिपस तोच शब्द एकवचनात उच्चारतो. ‘लेस्तास’ आणि ‘लेस्तेस’ या रूपांत एका स्वराचाच भेद आहे. (मराठी ‘लुटारू’ दोन्ही वचनांत सारखाच असल्याने अनुवादकास येथे क्रियापदाचा आश्रय घ्यावा लागतो.) हे एकवचन निष्कारण नाही. थीब्जमधूनच कोणी द्रव्य देऊन मारेकरी घातला असावा, असा राजाला संशय आहे. संशय चुकीचा, पण त्यातून निघालेले वचन अचूक! पुढे योकास्टाच्या तोंडून तीन वाटांच्या संगमाचा उल्लेख ऐकून तो हादरतो आणि त्याच अनेकवचनाचा आधार घेतो : मेंढपाळ ‘अनेक’ या शब्दावर ठाम राहिला तर आपण निर्दोष, एक आणि अनेक समान कसे असतील?

त्यासाठीच मेंढपाळाला बोलावणे जाते. परंतु तो येईपर्यंत कॉरिंथचा दूत येऊन पोहोचलेला असतो, आणि हत्येचा प्रश्न मागे पडून जन्माचा प्रश्न पुढे आलेला असतो. मारेकरी किती, हे मेंढपाळाला कोणी विचारीतच नाही.

या मौनावरून सँडर गुडहार्ट याने १९७८ साली असा पक्ष मांडला की, ईडिपसनेच लेयसला मारले हे संहितेत सिद्ध होत नाही. प्रश्न मार्मिक आहे, परंतु निष्कर्ष स्वीकारणे कठीण आहे. योकास्टाच्याच कथनात एक तपशील येतो आणि ईडिपस तो ऐकून सोडून देतो. हत्येनंतर परतलेल्या त्या सेवकाने ईडिपसला सिंहासनावर पाहिले, तेव्हा राणीचा हात धरून त्याने विनवणी केली होती : मला नगर दृष्टीस पडणार नाही इतक्या दूरच्या कुरणात धाडा.