शेवटचे आठ मैल

समुद्रकिनारा कोणाचा, हा प्रश्न फार पुरातन आहे. इ. स. 533 मध्यें रोमन सम्राट जस्टिनियन याच्या आज्ञेनें जो विधिग्रंथ सिद्ध झाला, त्यांत हवा, वाहतें पाणी, समुद्र व समुद्रतीर हीं सर्वांच्या समाईक मालकीचीं मानिलीं आहेत. तत्त्व उदात्त खरें. परंतु तीरापर्यंत जाण्यास वाटच नसेल, तर त्या मालकीचा उपयोग काय? अलास्कांतील डाल्टन महामार्गाच्या इतिहासांत हाच प्रश्न नव्यानें उभा राहिला.

अलास्का हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 1959 सालीं दाखल झालेलें संस्थान. सार्वजनिक जलाशयांकडे जाण्याची मोकळीक नागरिकांस नाकारूं नये, असें त्याच्या राज्यघटनेंत एक कलम आहे. मात्र अन्य लोकोपयोगी कारणांसाठीं विधिमंडळानें कायदा करून ती मर्यादित करावी, अशी पुस्तीही त्याच कलमास जोडलेली आहे. पुढील हकीकत ऐकतांना कलम व पुस्ती हीं दोन्हीं ध्यानांत ठेवावीं.

1968 सालीं आर्क्टिक महासागराच्या कांठीं प्रुडो बे येथें खनिज तेलाचा प्रचंड सांठा सांपडला. ती भूमि संस्थान-सरकारची, म्हणजे पर्यायानें जनतेचीच होती. पण ती तेलकंपन्यांस पट्ट्यानें दिलेली होती. 1969 च्या एकाच लिलावांत सरकारच्या पदरीं 90 कोटी डॉलर पडले. अडचण होती ती रस्त्याची. गव्हर्नर वॉल्टर हिकेल यांच्या पुढाकारानें 1968-69 च्या हिवाळ्यांत यंत्रांनीं घाईघाईनें एक वाट काढण्यांत आली. परंतु त्या प्रदेशांतील जमीन खोलवर बारमाही गोठलेली असते. वरचें शेवाळाचें आच्छादन खरवडलें गेल्यामुळें उन्हाळ्यांत आंतील बर्फ वितळलें आणि रस्त्याचा पाण्यानें भरलेला चर झाला!

1970 सालीं मूळ रहिवाशांनीं व निसर्गरक्षक संस्थांनीं न्यायालयांतून मनाई हुकूम मिळविले. 1971 च्या कायद्यानें मूळ रहिवाशांस 4 कोटी 40 लक्ष एकर भूमि व 96 कोटींवर डॉलर देण्याचें ठरलें, आणि 1973 सालीं तेलवाहक नळास कायद्याची संमति मिळाली. मग मात्र विलंब झाला नाहीं. 1974 च्या 29 एप्रिलला काम सुरू झालें आणि 29 सप्टेंबरला, अवघ्या 154 दिवसांत, युकॉन नदीपासून प्रुडो बेपर्यंत 360 मैलांचा रस्ता ब्रूक्स पर्वत ओलांडून पुरा झाला. पूर्वीच्या चुकीपासून धडा घेऊन या वेळीं जमीन न खरवडतां तिच्यावर खडीचा जाड थर घातला होता.

रस्ता बांधावयास पांच महिने लागले. तो लोकांस खुला व्हावयास मात्र वीस वर्षें लागलीं. 1978 सालीं तो संस्थानाच्या ताब्यांत आला. 1981 सालीं त्यास जेम्स डाल्टन या अभियंत्याचें नांव मिळालें आणि 211 व्या मैलापर्यंत सामान्य प्रवाशांस मुभा मिळाली. 414 मैलांच्या या मार्गाचा शेवट डेडहॉर्स या वसाहतींत होतो. तेथवर जाण्याची सर्वांस परवानगी मिळाली ती 1994 सालीं. बाहेरच्या शिकाऱ्यांची गर्दी होईल व आपल्या उपजीविकेचीं जनावरें दुरावतील, ही मूळ रहिवाशांची भीति निराधार म्हणतां येणार नाहीं. त्या भूमीवरील सर्वांत जुनी वहिवाट त्यांचीच होती.

डेडहॉर्सपासून महासागर अवघा आठ मैलांवर आहे. पण मधली भूमि तेलक्षेत्राची. तेथें चौकी आहे, पहारा आहे, आणि परवानगीवांचून पुढें पाऊल टाकतां येत नाहीं. नळ व यंत्रें यांच्या सुरक्षिततेचें कारण खोटें नव्हे. तथापि शेंकडों मैल सरकारी रस्त्यानें आलेल्या नागरिकास स्वतःच्याच समुद्राच्या दाराशीं परवाना मागावा लागतो, हेंही तितकेंच खरें.

शेजारच्या कॅनडांत 15 नोव्हेंबर 2017 रोजीं इनुविक ते टुक्टोयाक्टुक हा सुमारें 85 मैलांचा रस्ता खुला झाला. तो याच महासागराच्या कांठावरील एका वस्तीत जाऊन थांबतो. तेथें प्रवासी कोणाच्या परवानगीवांचून पाण्यापर्यंत चालत जातो, कारण तो रस्ता मुळांत वस्तीपर्यंत जाण्यासाठींच बांधला गेला. अलास्काचा रस्ता बांधला गेला तो तेलासाठीं. रस्ता कोणासाठीं, हें ज्या दिवशीं ठरतें, त्याच दिवशीं त्याचा शेवट कोठें होणार हेंही बहुधा ठरून जातें. म्हणून सार्वजनिक भूमि पट्ट्यानें देतांनाच लोकांच्या वाटेचा हक्क कागदावर राखून ठेवणें, हेंच शहाणपण होय. मागाहून तो मिळविण्यांत पिढ्या खर्ची पडतात.