संकेश्वरची अक्षरे किती?

'संकेश्वर' या नावात अक्षरे किती, असे हिरण्यकेशीकाठच्या कोणत्याही शाळकरी मुलास विचारले तर ते 'सं, के, श्व, र' असे बोटांवर मोजून चार हे उत्तर देईल. हाच प्रश्न 'पायथन' या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीस नेहमीच्या रीतीने केला असता तर सहसा चोवीस हे उत्तर आले असते. ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेली तिसरी आवृत्ती आठ असे सांगते. चोवीसांवरून आठांवर येण्यासाठी त्या भाषेच्या कर्त्यांना आपलेच जुने घर पाडून पुन्हा बांधावे लागले. त्या बांधकामाची हकीकत लिपींच्या सीमेवर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना परकी वाटू नये, असे आम्हांस वाटते.

संगणकभाषा म्हणजे यंत्रास आज्ञा देण्यासाठी माणसाने मुद्दाम रचलेली भाषा. तिच्यात किरकोळ दुरुस्त्या नेहमी होतात. नवे शब्द येतात, जुने तसेच राहतात. परंतु काल शुद्ध असलेले वाक्य उद्या अशुद्ध ठरवण्याची तयारी कर्ते करतात तेव्हा खरी मोठी आवृत्ती जन्मते. मराठीने असा प्रसंग पाहिला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. तरी आजोबांच्या पत्रातला 'गांव' नातवाला अडत नाही, कारण वाचणारा माणूस आहे. तो जुन्या लेखनाला सांभाळून घेतो. यंत्र सांभाळून घेत नाही. एक खूण बदलली की जुनी आज्ञावली तिथल्या तिथे थांबते. म्हणून संगणकभाषेची मोठी आवृत्ती आखणे हे शुद्धलेखनाचे नियम करण्याहून अधिक जोखमीचे काम होय.

या जोखमीचे दाखले जुने आहेत. युरोप-अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने सिद्ध केलेली 'अल्गोल ६०' ही भाषा संक्षेप व स्पष्टता यांसाठी वाखाणली गेली. तिची उत्तराधिकारी म्हणून 'अल्गोल ६८' तयार झाली तेव्हा डायक्स्ट्रा, होर यांच्यासह समितीतीलच काही सभासदांनी तिच्याविरुद्ध भिन्नमतपत्रिका जोडली. विर्थ यांनी निराळी वाट धरून १९७० मध्ये 'पास्कल' दिली. 'पर्ल' या भाषेच्या सहाव्या आवृत्तीची घोषणा २००० साली झाली, ती वापरण्याजोगी झाली २०१५ च्या नाताळात, आणि २०१९ मध्ये तिने नावच बदलून 'राकू' केले. थोरलीच्या घरात धाकटीला जागा उरली नव्हती.

पायथनचे कर्ते गिडो व्हान रोसुम. ॲम्स्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्र संशोधन संस्थेत असताना १९८९ च्या डिसेंबरात त्यांनी तिचे काम आरंभले आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती लोकांपुढे ठेवली. युनिकोडची पहिली आवृत्ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली. म्हणजे पायथन जन्मली तेव्हा 'मजकूर' याचा व्यवहारातला अर्थ बाइटांची रांग एवढाच होता. इंग्रजीला तो पुरेसा होता, कारण तिथे एका अक्षरास एक बाइट असा हिशेब जुळे. आज सर्वत्र रूढ असलेल्या युनिकोडलेखनात देवनागरीच्या प्रत्येक खुणेस तीन बाइट लागतात. संकेश्वरच्या आठ खुणांचे चोवीस होतात ते असे.

२००० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत युनिकोड मजकुराचा वेगळा प्रकार जोडण्यात आला, पण जुना काढला नाही. दोन्ही प्रकार शेजारी नांदत, आणि कोठे एकत्र आलेच तर भाषा गुपचूप इंग्रजी अक्षरमाला गृहीत धरून त्यांचा मेळ घाली. नाव इंग्रजीत असेतो सारे सुरळीत चाले. एखाद्याने आपले नाव देवनागरीत, कन्नडात किंवा नुसत्या फ्रेंच उच्चारचिन्हासह लिहिले की आज्ञावली कोसळे. दोष असा की, तो लिहिणाऱ्याला दिसत नसे. वर्षानुवर्षे चाललेली आज्ञावली पहिल्यांदा मोडे ती ज्याचे नाव इंग्रजी नव्हते त्याच्या पुढ्यात. आणि त्या बिचाऱ्यास वाटे, चूक आपलीच.

हा दोष मुळासकट काढायचा तर जुन्या आज्ञावली मोडणे भाग होते. एप्रिल २००६ मध्ये तिसऱ्या आवृत्तीच्या कामाचे नियम लेखी मांडले गेले. त्यांतला एक आम्हांस विशेष शहाणपणाचा वाटतो: सारे कोऱ्या पाटीवर लिहायचे नाही, असलेल्या बांधणीतूनच नवी घडवायची. बाकी बदल अनेक झाले. तीनास दोनांनी भागता पूर्वी एक येई, तो आता दीड येऊ लागला. छापण्याच्या आज्ञेस कंस सक्तीचे झाले, आणि त्या कंसांवरून जेवढा गदारोळ झाला तेवढी त्या बदलाची योग्यता नव्हती. गाभ्याचा बदल एकच होता. मजकूर आणि बाइट या दोन जाती कायमच्या वेगळ्या झाल्या. एकाचे दुसरे करायचे तर कोणत्या संकेताने ते स्पष्ट सांगावे लागेल, अंदाज बांधला जाणार नाही.

येथे त्रास कोणास आणि लाभ कोणास, हे पाहण्यासारखे आहे. ज्यांचे सर्व काम इंग्रजीत सुरळीत चालले होते त्यांना हजारो ओळी बदलाव्या लागल्या, आणि मोबदल्यात मिळाले ते त्यांना न भासलेल्या अडचणीचे निवारण. साहजिकच पुष्कळ जण जागचे हलले नाहीत. २०१० मध्ये आलेल्या २.७ या आवृत्तीची देखभाल २०१५ पर्यंत करण्याचे ठरले होते. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. २०१२ मध्ये, युनिकोड मजकुरापुढे लावायचे जुने अक्षर, जे तिसऱ्या आवृत्तीने निरर्थक म्हणून काढले होते, ते स्थलांतर सोपे व्हावे म्हणून पुन्हा चालवून घेतले गेले. कर्त्यांनी हट्ट सोडला तो योग्य ठिकाणी, असे आमचे मत आहे. १ जानेवारी २०२० रोजी दुसऱ्या आवृत्तीची देखभाल अखेर थांबली. अकरा वर्षे दोन्ही भाषा एका नावाने वावरल्या.

हेच ध्येय ठेवून निघालेल्या 'पीएचपी'च्या सहाव्या आवृत्तीचे काम २०१० मध्ये सोडून देण्यात आले, आणि पाचानंतर थेट सातवी आवृत्ती निघाली. तेव्हा पायथनकारांची सावकाशी कोणी रेंगाळणे म्हणत असेल, तर त्याने या दुसऱ्या शेवटाकडे पाहावे.

आता ते आठ. यांतले श्रेय-अपश्रेय पायथनचे नाही. स, अनुस्वार, क, एकाराची मात्रा, श, हलन्त, व, र अशा आठ खुणा युनिकोडने मांडल्या आणि युनिकोडने तो आराखडा भारतातल्याच १९८८ च्या 'इस्की' या संकेतावरून घेतला. इस्कीने ब्राह्मीच्या लेकी असलेल्या लिपी एका साच्यात बसवल्या होत्या. त्यामुळे युनिकोडात या लिपींना १२८ खणांची एकेक आळी मिळाली असून कन्नडाची आळी देवनागरीपासून सातवी आहे. 'संकेश्वर'च्या प्रत्येक खुणेच्या क्रमांकात सात गुणिले १२८, म्हणजे ८९६ मिळवा. कन्नडातले संकेश्वर उभे राहते. आठच्या आठ खुणा, त्याच क्रमाने. १९५६ पासून या भागात पाट्यांवरून जे वाद चालत आले, त्यांतल्या दोन्ही बाजूंचे अंतर यंत्राच्या लेखी एवढीच एक बेरीज आहे.

तिसऱ्या आवृत्तीत आज्ञावलीतील राशींना देवनागरी नावे देता येतात; '१२३' हा देवनागरी मजकूर तिच्या हाती दिला तर ती त्याची संख्या करते. मात्र आज्ञावलीतच थेट देवनागरी अंक लिहिले तर तिला चालत नाही. आणि 'संकेश्वर' उलटे करण्यास सांगितले तर ती खुणा उलट्या लावून 'रव्शेकंस' असे काहीतरी हाती देते. उलटे शब्द बोलण्याचा खेळ खेळणारे मूल 'रश्वकेसं' म्हणेल. मात्रा आपल्या व्यंजनाला सोडून जात नाही हे त्या मुलाला कोणी शिकवलेले नसते.

वाचकाला जे एक अक्षर वाटते ते यंत्रानेही एक मानावे, यासाठी युनिकोडचे वेगळे नियम आहेत. तेथेही 'श्व'सारखे जोडाक्षर बरीच वर्षे दोन तुकड्यांत मोजले जाई. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीने जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम केला आणि तो ज्या लिपींना लागू केला त्यांत देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू व मल्याळम होत्या. कन्नड नव्हती. त्या नियमाने मराठी पाटीवरचे संकेश्वर चार अक्षरांचे झाले. त्याच पाटीवर शेजारी लिहिलेले कन्नड संकेश्वर पाच अक्षरांचे राहिले.