तेलाचे अंतर

२०२२ सालच्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' नावाचा संच दिला. त्यात रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो, आणि एक लिटर पामतेल होते. रव्याचा गहू, डाळीचा हरभरा आणि साखरेचा ऊस या देशातल्या शेतांत पिकतो. चकल्या-करंज्या ज्यात तळायच्या ते तेल मात्र बहुधा सुमात्रा, बोर्निओ किंवा मलाया येथून आलेले असणार. ज्या मुलखात करडई, भुईमूग, तीळ, जवस आणि कारळे पिकत, गावोगाव घाणे फिरत, त्या मुलखाच्या सणाचे तेल चार हजार किलोमीटरांचा समुद्र ओलांडून यावे, हे कसे घडले, आणि त्याचे मोल निसर्गाने कोठे मोजले, याचा शोध आम्हांला येथे घ्यावयाचा आहे.

या प्रश्नाचे सोपे उत्तर इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकात तयार झाले. टिम लँग या अभ्यासकाने 'अन्नाचे मैल' ही कल्पना मांडली आणि ती जगभर रुजली: अन्न जितके दुरून येते तितका निसर्गावरील भार अधिक. कल्पना आकर्षक आहे, कारण अंतर नकाशावर मोजता येते. पण तेलाचा इतिहास या मोजपट्टीत मावत नाही.

या इतिहासाचे पहिले प्रकरण उलट्या दिशेने सुरू होते. एकोणिसाव्या शतकात दूरदेशीचे तेल आपण खात नव्हतो. आपल्या तेलबिया दूरदेशी जात होत्या. मुंबई बंदरातून जवस आणि तीळ, दक्षिणेकडील बंदरांतून भुईमूग युरोपकडे रवाना होई. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी या देशाच्या शेतीची पाहणी करून १८९३ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. बियांच्या या निर्यातीतून जमिनीचा कस बाहेर जातो, ही चिंता त्यात आहे. कारण साधे आहे. तेल हे हवा, पाणी आणि ऊन यांतून घडते; मातीतून उचललेले नत्र आणि स्फुरद पेंडीत राहते. तेल बाहेर गेले तर मातीचे फारसे काही जात नाही. बीच बाहेर गेले तर पेंड परक्या गुरांच्या पोटात जाते आणि तिचे शेण परक्या शेतात पडते.

गावातल्या घाण्याचे खरे महत्त्व येथे कळते. तेल्याच्या घाण्यातून तेल घरात जाई, पेंड गोठ्यात जाई आणि शेण शेतात जाई. त्या व्यवस्थेला आदर्श ठरवण्याचा आमचा हेतू नाही. डोळ्यांवर झापडे बांधून दिवसभर फिरणाऱ्या बैलाला आणि जातीच्या उतरंडीत खाली ढकललेल्या तेल्याला तिच्यात काय मिळाले, हे विसरून चालणार नाही. तरीही जमिनीचा हिशेब तिच्यात जवळजवळ गावातच मिटत असे.

हाच हिशेब जे. सी. कुमारप्पा यांनी पुढे नेला. मुंबईतील हिशेबतपासनीसाचा व्यवसाय सोडून गांधीजींकडे आलेला हा माणूस १९३४ साली वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा चालक झाला. संघाच्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी सुधारित घाणी तयार केली. बाहेर मात्र काळ दुसरीकडे चालला होता. मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला होता आणि १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला. गावचे तेल कारखान्यात जाऊन गोठवलेल्या रूपात डब्यातून परत येऊ लागले.

कुमारप्पांनी आपल्या ग्रामोद्योगविषयक लेखनात कोकोच्या डब्याचे एक उदाहरण दिले आहे. पश्चिम आफ्रिकेत सक्तीच्या मजुरीवर पिकलेला, आरमाराच्या धाकाने खुल्या ठेवलेल्या सागरी मार्गाने आलेला, इंग्लंडमध्ये कमी मजुरीवर तयार झालेला कोको जो विकत घेतो, तो या सगळ्या साखळीचा भागीदार होतो, असे ते सांगतात. कुमारप्पांचा आक्षेप प्रवासात जळणाऱ्या इंधनावर नव्हता. वस्तू जितकी दुरून येते तितकी तिच्यामागची हिंसा खाणाऱ्याला दिसेनाशी होते, हा त्यांचा मुद्दा होता. आमच्या मते अंतराविषयी इतके नेमके विवेचन 'अन्नाच्या मैलां'च्या चर्चेत क्वचितच आढळते.

योगायोग असा, की तेलमाडही मूळचा पश्चिम आफ्रिकेचाच. १८४८ साली त्याची चार रोपे जावातील बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली. १९११च्या सुमारास सुमात्रात आणि १९१७ साली मलायात त्याचे व्यापारी मळे सुरू झाले. भारतात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे तेल शासकीय आयातीतून रेशनच्या दुकानांत पोचले आणि 'पामतेल' हा शब्द घरोघरी रुळला. १९८६ साली तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. ते सुख अल्पकाळ टिकले. १९९४ साली पामोलिनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली. १९९८ पर्यंत शुल्क १५ टक्क्यांवर आले. आज देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. रब्बीच्या ज्वारीभोवती पेरली जाणारी, काट्यांमुळे गुरांना थोपवणारी, काळ्या जमिनीतल्या ओलीवर पावसाविना तग धरणारी मराठवाड्याची आणि सोलापूरची करडई या काळात मागे पडली. १९८०च्या दशकात देशात सात लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर असलेल्या या पिकाचा आज अगदी थोडा अंश उरला आहे.

आता निसर्गाचा हिशेब मांडू. समुद्रमार्गे एक टन माल एक किलोमीटर नेताना होणारे कर्बवायूचे उत्सर्जन ट्रकच्या ढोबळमानाने एक दशांश असते. म्हणजे सुमात्राहून मुंबईस जहाजाने आलेले तेल आणि लातूरहून मुंबईस ट्रकने आलेले तेल यांत प्रवासापुरता फारसा फरक नाही. टनामागे काही दशक किलो, एवढेच. वेबर आणि मॅथ्यूज यांनी २००८ साली अमेरिकी कुटुंबांच्या अन्नाचा अभ्यास केला, तेव्हा एकूण उत्सर्जनात सर्व वाहतुकीचा वाटा ११ टक्के आणि उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या प्रवासाचा केवळ ४ टक्के आढळला. खरा भार शेतात पडतो. सुमात्रा-बोर्निओतील पाणथळ, कुजकट मातीची जंगले निचरा करून तेथे तेलमाड लावला, की हजारो वर्षे साठलेला कर्ब हवेत सुटू लागतो: हेक्टरी वर्षाला चाळीस टन आणि कित्येकदा त्याहूनही अधिक कर्बवायू. एक हेक्टर सुमारे चार टन तेल देतो. म्हणजे अशा जमिनीवरच्या एका टन तेलामागे दहा टन कर्बवायू. सगळे पामतेल अशा जमिनीवरचे नसते, हे खरे. पण कोणते आहे आणि कोणते नाही, हे डब्यावरून कळत नाही. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली. त्यात तेलमाडासाठी पेटवलेली जमीनही होती. तिचा धूर सिंगापूरपर्यंत गेला. आपल्या तळणीपर्यंत मात्र तो येत नाही.

तर मग पामतेल सोडून स्वदेशी तेलाकडे वळावे, एवढे म्हणून थांबता येईल काय? येथे हिशेब आपल्यावर उलटतो. २०२३-२४च्या तेलवर्षात भारताने सुमारे ९० लाख टन पामतेल आणले. आपले सोयाबीन हेक्टरी जेमतेम एक टन पिकते आणि त्यात तेल सुमारे १८ टक्के. तेवढे तेल सोयाबीनमधून काढायचे तर पाच कोटी हेक्टर जमीन लागेल. महाराष्ट्राचे एकूण क्षेत्र, डोंगर आणि शहरे धरून, तीन कोटी हेक्टरांच्या थोडे वर आहे. भुईमूग बरा, करडई सोयाबीनच्याच आसपास. पण कोणत्याही पिकाने हे गणित सहज सुटत नाही. कारण बदलली ती केवळ तेलाची जात नाही. १९६०-६१ साली या देशात माणशी खाद्यतेलाची उपलब्धता वर्षाला ३.२ किलो होती, १९९०-९१ साली ५.५ किलो. आज ती वीस किलोंच्या घरात आहे. जुन्या आकड्यात गरिबाच्या ताटातला तुटवडाही होता, तो परत यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु आहारतज्ज्ञ वर्षाला बारा किलोंच्या आसपास पुरेसे मानतात. ती मर्यादा ओलांडून सुमात्राचे जंगल जळते, त्याचा दोष जहाजावर टाकता येणार नाही.

२०२१ साली केंद्र शासनाने ११,०४० कोटी रुपयांचे तेलमाड अभियान जाहीर केले. आयात नको, तर तेलमाडच येथे लावू, असा हा विचार; भर ईशान्य भारत आणि अंदमानवर. जैवविविधतेने समृद्ध प्रदेशांत सखोल अभ्यासाविना तेलमाड आणू नये, असे भारतीय वनसंशोधन व शिक्षण परिषदेने २०२०मध्येच सुचवले होते. कोरड्या प्रदेशांत या एका झाडाला उन्हाळ्यात दररोज दोनशे लिटरांहून अधिक पाणी लागते. मिझोरामच्या डोंगरावर पिकलेल्या या तेलावर 'स्वदेशी' असे लिहिता येईल. पण मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला मिझोरामचा डोंगर सुमात्राच्या जंगलाहून अधिक दिसतो काय? देशाची सीमा ओलांडली नाही म्हणून वस्तू स्थानिक होत नाही. व्होल्करच्या काळात आपण ज्या टोकाला होतो, त्या टोकाला आता आपल्याच देशातले कोणीतरी उभे राहील.

म्हणून ज्वारीच्या पट्ट्यात करडई पुन्हा पेरली जावी, तिला योग्य भाव मिळावा, तिची पेंड जवळच्या गोठ्यात जावी, असे आम्हांला वाटते ते मैल वाचवण्यासाठी नव्हे. तिचा भार कोणत्या मातीवर, किती पाण्यावर आणि कोणाच्या श्रमावर पडतो, हे खाणाऱ्याला पाहता येते, आणि न पटल्यास जाब विचारता येतो. शिधापत्रिकेवर मिळेल ते तेल घेणाऱ्याला ही निवड नसते. ती शासनाला असते, आणि बाजारातला कोणताही डबा उचलू शकणाऱ्या आपल्यासारख्यांना असते. कुमारप्पांचा भागीदारीचा प्रश्न आधी आपल्याला लागू होतो.