प्रकल्पाचे यश आणि प्रणाली अभियांत्रिकी

‘नासा’ या अमेरिकी अंतराळ संस्थेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचले आणि कायमचे नाहीसे झाले. ग्रहाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून ते जावे, असे नियोजन होते. प्रत्यक्षात ते ५७ किलोमीटरपर्यंत खाली आले आणि तेथील वातावरणात टिकू शकले नाही.

या अपघाताचे कारण सर्वश्रुत आहे. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्यांचे आकडे लॉकहीड मार्टिन कंपनीची संगणक प्रणाली पाउंड-सेकंद या ब्रिटिश एककात देत होती. यानाचा मार्ग ठरवणारा जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचा गट मात्र ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होता. त्यामुळे प्रत्येक धक्क्याचा परिणाम सुमारे साडेचार पटींनी कमी धरला गेला.

दोन्ही गट आपापल्या कामात निष्णात होते. आकडे दशमान एककातच द्यावेत, असे उभयतांमधील दस्तऐवजात नमूद होते. परंतु त्याचे पालन होते की नाही, याची पुरेशी पडताळणी झाली नाही. प्रवासादरम्यान मार्गात विसंगती जाणवली होती, तीही रीतसर नोंदवून तडीस नेली गेली नाही. म्हणूनच नासाचे अधिकारी एडवर्ड वायलर यांनी दोष एककांच्या चुकीला न देता, ती चूक वेळीच न पकडणाऱ्या प्रणाली अभियांत्रिकीला दिला.

प्रणाली अभियांत्रिकी, म्हणजेच सिस्टीम्स इंजिनीअरिंग, ही सुटे भाग घडवण्याची विद्या नव्हे. सारे भाग एकत्र आल्यावर अपेक्षित कार्य घडेल, याची हमी देणारी ती शिस्त आहे. गरजा निःसंदिग्ध शब्दांत लिहिणे, दोन भाग जिथे जोडले जातात तिथली देवाणघेवाण निश्चित करणे, प्रत्येक गरजेची चाचणी ठरवणे, बदलांची नोंद ठेवणे आणि जोखमीचा आधीच विचार करणे, ही तिची प्रमुख अंगे होत.

या कागदोपत्री खटाटोपाने खरोखर लाभ होतो काय? कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग इन्स्टिट्यूटने अन्य संस्थांच्या सहकार्याने १४८ प्रकल्पांची पाहणी करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील बहुतेक प्रकल्प संरक्षण क्षेत्रातील होते. खर्च, वेळापत्रक आणि तांत्रिक अपेक्षा या तीन कसोट्यांवर त्यांचे मूल्यमापन झाले. ही शिस्त सर्वांत कमी पाळणाऱ्या गटात १५ टक्के प्रकल्पांची कामगिरी उच्च दर्जाची होती. मध्यम गटात हे प्रमाण २४ टक्के, तर सर्वाधिक पाळणाऱ्या गटात ५७ टक्के होते. विशेषतः अवघड प्रकल्पांत ही तफावत आणखी रुंदावली: तेथे प्रमाण ८ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर गेले. नियोजन, गरजांची निश्चिती आणि पडताळणी यांचा यशाशी असलेला संबंध ठळक दिसला.

अर्थात, ही माहिती प्रकल्पांशी संबंधित लोकांनीच दिलेली होती, आणि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. सुव्यवस्थित संस्था ही शिस्तही पाळतात आणि अन्य कामेही चोख करतात, अशी शक्यता उरतेच. शिवाय केवळ दस्तऐवज तयार असणे पुरेसे नाही, हे मंगळयानाच्या उदाहरणावरून उघड आहे.

वेळ आणि पैसा अपुरा पडू लागला की कात्री प्रथम पडताळणीला लागते. कारण तिचे फळ दृश्य नसते. टळलेला अपघात कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. प्रकल्प जितका गुंतागुंतीचा, तितकी ही बचत महाग पडण्याचा संभव अधिक, हेच वरील आकडे सुचवतात.